गावाकडचा पडदा

आमच्या घरात एक रीत होती. तिन्हीसांजेला सासूबाई गॅलरीत जायच्या, पश्चिमेकडे तोंड करून हातातली बॅटरी तीनदा वर-खाली करायच्या आणि मग आत येऊन विचारायच्या, "शोभे, काय हाय गो खायला?" त्याआधी अन्नाला हात नाही. ताप असो, पाहुणे असोत, टीव्हीवर काहीही रंगात आलेलं असो. गावात होत्या तेव्हा कंदील होता, मग भाड्याच्या खोलीत मेणबत्ती आली आणि सुकापूरच्या सातव्या मजल्यावर आल्यावर चायनाची बॅटरी. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका रिटायर काकांची बरेच दिवस समजूत होती की ही बाई आपल्यालाच खुणावते. त्यांच्या बायकोचीही तीच समजूत झाली, तेव्हा मला जाऊन सांगावं लागलं, "अहो, ते आमच्या सासऱ्यांसाठी आहे. समुद्रात गेले ते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते. सासरच्या रीतीला कारण विचारायचं नसतं, हे मला लग्नाआधीच शिकवलेलं. सासूबाई आजारी असल्या की मी जायचे गॅलरीत. तीनदा बॅटरी दाखवायची, मनात म्हणायचं, बाबा, आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे राहा. वर हातही जोडायचे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, आणि हसूही येतं.

सासऱ्यांचं नाव दयाराम. गाव सावरदांडा, उरणच्या पुढे, समुद्रात घुसलेल्या टेकाडाच्या पोटाशी. टेकाडावर इंग्रजांच्या वेळचा दीपस्तंभ. गावात त्याला दीपस्तंभ कुणी म्हणत नाही, बत्ती म्हणतात. माझा नवरा काशिराम (घरात मी ‘अहो’ म्हणते, पण सांगताना सगळीकडे ‘हे’ आणि ‘अहो’ आले की ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो) शाळेत होता, तेव्हा एका रात्री सासऱ्यांची होडी बंदरात शिरताना खडपावर आपटून फुटली. पाच माणसं गेली. गावाने वर पाहिलं तर बत्ती काळी. आरडाओरडा झाला, मग कुठे उजेड आला. चौकशीत दिवेवाल्याने कबूल केलं, माझा डोळा लागला होता. यशवंत केरकर त्याचं नाव. नोकरी गेली, बायको-मुलीला घेऊन तो गाव सोडून गेला. गावाने त्याला काही सोडलं नाही. अजून सावरदांड्याला पोर उशिरापर्यंत लोळत पडलं की आई ओरडते, "ऊठ रे केरकरा!"

आता ती बत्ती पर्यटकांसाठी उघडली आहे. तिकीट आहे, खाली मोठ्या अक्षरांचा सेल्फी पॉइंट आहे. गावाच्या मंडळाने ठरवलं, बत्तीच्या पायथ्याशी त्या पाच जणांच्या नावाचा दगड बसवायचा. मजकूर करायचं काम काशिरामकडे आलं. काशिराम जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर. वाण्याची यादीसुद्धा मीच लिहिते अशी त्याची लिहिण्याची आवड. पण ही ओळ त्याने रोज जेवताना घोळवली, आमटीत भाकरी विरघळेपर्यंत. शेवटी पाच नावांखाली कोरून घेतलं : ‘दिवेवाला यशवंत केरकर याच्या झोपेने घेतलेले बळी.’

"कशी हाय?" त्याने आईला वाचून दाखवलं.

सासूबाई माझ्या गिऱ्हाइकाच्या साडीचे दोरे तोडत होत्या. तोडतच राहिल्या. दगडावरचं कापड त्यांनीच ओढायचं ठरलं होतं, कारण पाच विधवांपैकी त्याच एक उरल्या होत्या.

*

खाली आमच्याच सोसायटीच्या गाळ्यात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. सुमतीबाई नवीन पनवेलहून रिक्षा करून माझ्याकडे यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला गोड आणि फॉलच्या रंगाबाबत भलत्याच काटेकोर. इतक्या वर्षांत मला त्यांचं आडनाव विचारायची वेळ आली नव्हती. पावतीवर मी ‘सुमती, न.प.’ एवढंच लिहायचे.

त्या दिवशी त्या आल्या त्या रिकाम्या हाताने. मोबाईल पुढे केला. दगड घडवणाऱ्याने कौतुकाने कुठेतरी टाकलेला फोटो, फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलेला.

"शोभाताई, हे तुमच्या घरच्यांनी लिहिलंय ना?"

"हो. का?"

"पाच नावं असू देत. ती असायलाच हवीत. खालची ओळ काढता येईल का, एवढं विचारायला आले." मग म्हणाल्या, "मी केरकरांची मुलगी."

माझ्या मशीनचं पायडल पायाखालीच राहिलं. मागे सासूबाई स्टुलावर बसलेल्या, आणि मधे मी, हातात कुणाचीतरी मोरपंखी साडी. आमच्या घरी जिच्या बापाच्या नावाने बोटं मोडतात, तिच्या साड्यांना मी इतकी वर्षं फॉल लावत होते, वर चहाही पाजत होते.

"बाबांचं चुकलंच," सुमतीबाई म्हणाल्या. "मी नाही म्हणत नाही. पण कागदावरचं फाटतं, माणसं विसरतात. दगडावरचं राहतं हो."

सासूबाई उठल्या. गुडघे धरून, भिंतीला हात लावत पुढे आल्या. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. आमच्या कोळीवाड्यात शिवी द्यायला मुहूर्त लागत नाही, आणि या बाईच्या हाती तर पंचेचाळीस-शेचाळीस वर्षांचा साठा.

"तू सुमी?"

"हो."

"तुजी आय?"

"गेली. बाबांनंतर दोन वर्षांनी."

"काय बोलली व्हती काय तुला?"

"कशाबद्दल?"

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाय. काय नाय." आणि माझ्याकडे वळून, "शोभे, काशाला सांग. दगडाच्या दिवशी मना बत्तीवर जायचं हाय. वर. आनी ही पन येल आपल्यासंगं गाडीत."

मी म्हटलं, "आई, तुमचे गुडघे..."

"गुडगे माजे हायत ना?"

*

काशिरामने आधी ताट सरकवलं, मग आवाज चढवला, मग माझ्यावर ओरडला, कारण आईवर ओरडायची सोय नाही. "केरकराची पोरगी माज्या गाडीत? बापाच्या दगडाला?" दोन दिवस घरात भांडीच बोलत होती. शेवटी आईने त्याला विचारलं, "दगडावर तू बोलशील तसं कोरलास ना? मंग मना एक दिवस माज्या मनासारखं करू दे." तो कबूल झाला. त्याला वाटलं, आईला त्या पोरीला बत्तीवर नेऊन दाखवायचं असेल, बघ, इथे झोपला होता तुझा बाप. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं, आणि सुमतीबाईंनाही. तरी त्या आल्या. पुढच्या सीटवर काशिराम, मागे आम्ही तिघी. जासईच्या कंटेनरांच्या भिंतींमधून गाडी निघाली. सासूबाई सकाळपासून उपाशी होत्या. मी डबा घेतला होता आणि सवयीने बॅटरीही पर्समध्ये टाकली होती, परतायला अंधार झाला तर पंचाईत नको.

सावरदांड्याला मांडव पडला होता, पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांचा फ्लेक्स लागला होता. दगडावर भगवं कापड. कार्यक्रमाला वेळ होता. बत्तीवरचा कर्मचारी भरत, चाळिशीचा, सभ्य माणूस, सासूबाईंकडे बघून घाबरला.

"आजी, वर काही नाही हो. आता सगळं आपोआप चालतं. खालीच छान फोटो काढतो तुमचा."

"फोटो मेल्यावर लावा. आता सरक."

जिना अरुंद, गोल गोल जाणारा. भरत पुढे गेला. सासूबाई पायरीवर बसल्या, तोंड खाली करून, आणि हातांवर जोर देत एकेक पायरी मागे मागे चढायला लागल्या. बसत, टेकत, ढकलत. वर मी, खाली काशिराम, झेलायला. सगळ्यात शेवटी सुमतीबाई, त्या भिंतीला हात लावत येत होत्या, कारण त्यांचं लहानपण याच जिन्यात गेलं होतं. मधे एकदा म्हणाल्या, "इथे आई लोणच्याच्या बरण्या ठेवायची."

वरची खोली काचेची. मधोमध जुनं भिंग, भल्यामोठ्या काचेच्या अननसासारखं. नवी बत्ती बाहेर कठड्यावर बसवली आहे, लहानशी. हे जुनं नुसतं बघण्यापुरतं. चारी बाजूंच्या काचांना जाड कॅनव्हासचे पडदे. भरतने पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली, "दिवसा या भिंगावर ऊन पडलं तर आग लागू शकते, म्हणून पूर्वी दिवसभर पडदे ओढून ठेवत. संध्याकाळी सगळे पडदे काढायचे आणि बत्ती लावायची."

"सगले नाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना अजून धाप लागली होती. भिंत धरत धरत त्या एका पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी तो मुठीत धरला. "ह्यो नाय काडायचा. ह्यो गावाकडचा."

भरत म्हणाला, "नाही आजी, सगळेच..."

"तू तवा जन्मला व्हतास?" त्यांनी पडदा सारला. खाली गाव दिसलं, धक्का दिसला, धक्क्याच्या अलीकडे पाण्यात काळं खडप. आणि अगदी टेकाडाच्या पायाशी, सेल्फी पॉइंटची ती लाल अक्षरं. एक जोडपं त्यातल्या अक्षराला मिठी मारून फोटो काढत होतं.

"तितं काय व्हतं, काशा?"

"केवड्याचं बन," काशिराम म्हणाला.

"तुमाला बन. घरात संडास नव्हते, तवा गावातल्या सगल्या बाया तितंच जायच्या. पाटंचं आनी तिन्हीसांजेचं. पोरी, बाळंतिनी, म्हाताऱ्या. आदी रॉकेलची बत्ती व्हती, मिनमिनी. तवा बरं व्हतं. मंग आली विजेची." त्यांनी हात गोल फिरवला. "फिरली की दिवसावानी उजेड. आमी बसलेल्या. मंग काय करायचं? बत्ती आली की उठायचं, गेली की बसायचं. आली की उठायचं, गेली की बसायचं. माजी सासू गुडगे धरून उठायची आनी इंग्रजाला शिव्या घालायची."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आवरेना. सुमतीबाईंच्याही ओठांच्या कडा हलल्या. सगळ्या गावच्या बायका अंधारात कवायत करताहेत, डोळ्यांसमोरच आलं. मग मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

"मी नवी सून, पन तोंडानं फटकळ. सगल्यांनी मनाच पुढं केलं. मी हिच्या आयकडं गेले. बाईनं बाईला सांगितलं. दुसऱ्या दिवसापास्नं तिन्हीसांजेला गावाकडचा पडदा बंदच ऱ्हायला लागला. समुद्राकडं बत्ती चालू, गावाकडं काळोख. आमच्या सगल्या घरी आल्या, की माजं घर कडंला, मी मागच्या दारातनं कंदील दाखवायचा. तीनदा. मंग केरकर पडदा काडायचा. ठरलंच व्हतं तसं."

आधी माझ्या हाताला कळलं. पर्सचा पट्टा घट्ट धरलेला होता मी, आणि आत ती बॅटरी. तीनदा वर, तीनदा खाली. कितीदा केलं असेल मी ते, हात जोडून, भक्तिभावाने.

"म्हणून गावाकडं बत्ती उशिरा दिसायची," काशिराम स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आमाला वाटायचं, मशीन तापायला वेळ लागतो."

"तुमी पुरुष. तुमाला इचारायचं सुचलं नाय, आमाला सांगायचं सुचलं नाय."

"आणि त्या दिवशी?" सुमतीबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक, की बाहेरचा वारा त्यापेक्षा मोठा वाटला.

"त्या दिवशी ह्या मंडळाच्या काळूरामच्या बहिनीची हळद व्हती. होड्या पाटंला यायच्या. पन ह्यांना हळद गाठायची व्हती, म्हनून ते लवकर फिरले. कोनाला म्हाईत? आमी सगल्या बनातनं येऊन मांडवात बसलो. मना हळदीची गानी, धवले म्हनायला वडलं. माजा गळा चांगला व्हता गो. मी गात व्हते."

काशिरामने विचारलं, आणि तो तेव्हाच्या त्या शाळकरी पोरासारखा दिसला.

"कंदील?"

"इसरले."

मी आयुष्यात भांडी पडलेली ऐकली आहेत, माणसं मेलेली ऐकली आहेत. पण एवढ्याशा शब्दाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. भरत मुकाट्याने जिन्याकडे सरकला आणि खाली निघून गेला. त्याचे उपकार.

"तो वाट बगत बसला," सासूबाई म्हणाल्या. "बाईमानसं बाहेर हायत, पडदा कसा काडू. भायेरनं होडीला बत्ती दिसली असंल. खडप वलांडून आत वळायचं तर ह्या काचंतला उजेड लागतो. तो नव्हता. मंग आरडाओरडा ऐकला आनी त्यानं पडदा काडला."

"बाबा म्हणाले, झोप लागली," सुमतीबाई म्हणाल्या.

"खोटं बोलला. खरं बोलला असता तर चौकशीत सगलं निघालं असतं. पडदा कोनाच्या सांगन्यावरनं, बाया जायच्या कुटं, कोन कोन. गावच्या पुरुषांनी आमाला जित्तं ठेवलं नसतं. तुजी आय दहाव्याला आली व्हती. लोकं तिला आत येऊ देईनात. तिनं दारातनंच माज्या हातावर हात ठेवला आनी बोलली, बायकांचं बायकांत ऱ्हाईल. मी मान हालवली." त्यांनी पडदा सोडला. "त्याची नोकरी गेली, तवा पन मी मान हालवली."

सुमतीबाई लोखंडी जमिनीवरच बसल्या, नव्या साडीची पर्वा न करता. त्या साडीचा फॉल मीच लावला होता, आणि त्या वेळीही माझ्या मनात आलं, हिला आता गंजाचे डाग पडणार. डोकं भलतंच काही धरून बसतं.

"बाबा मरेपर्यंत रात्री झोपले नाहीत," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसून राहायचे. आम्ही म्हणायचो, एकदा झोपले त्याचं प्रायश्चित्त घेतात. मी त्यांना हे तोंडावर म्हटलंय, मावशी. चिडून. एकदा नाही."

सासूबाईंनी तिच्या डोक्याकडे हात नेला आणि मधेच थांबवला. तेवढा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळलं असावं.

"आये," काशिराम म्हणाला, "मी हिला दगड मारायचो. शाळेच्या वाटेवर."

"म्हाईत हाय. मी बगत व्हते."

"थांबवलं का नाय मला?"

सासूबाईंनी पुन्हा पडदा मुठीत धरला. काशिराम जिन्याकडे वळला आणि उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज गोल गोल खाली जात राहिला. मला वाटलं, आता गाडी सुरू होईल आणि तो निघून जाईल, आम्हाला इथेच टाकून. गेला असता तर मी दोष दिला नसता.

*

गेला नव्हता. आम्ही उतरलो, त्याला तासभर लागल्यासारखं वाटलं, तर तो दगडापाशी उभा होता, कापडावर हात ठेवून. तोंड राखेसारखं. मांडव भरला होता. पुढे पुरुष, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गावातल्या जुन्या बायका, नऊवारीतल्या, डोक्यात फुलं माळलेल्या.

मंडळाचा अध्यक्ष काळूराम. त्याने माईकवरून सासऱ्यांचा, समुद्राचा आणि फ्लेक्सवरच्या सगळ्यांचा गौरव केला, आणि कापडाची दोरी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी दोरी सोडून माईक धरला.

त्या फार बोलल्या नाहीत. वर अर्धा तास लागला होता त्याची खाली चार वाक्यं झाली. बन कुठे होतं. पडदा कुणी मागितला. कंदील कोण विसरलं. केरकर झोपला नव्हता.

आधी कुणालाच कळलं नाही. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचं फिरलं." काळूरामने हसून माईक घ्यायला हात पुढे केला. "गुणाबाय, बसा तुमी. ऊन लागलं तुमाला."

"ऊन कुटं? तिन्हीसांज झाली."

"अवो, पन कसल्या बाया? कोन?" त्याचं हसू आता ताणलेलं होतं. समोर बाहेरगावचे पाहुणे होते, मोबाईल वर झाले होते. "आमच्या गावातल्या बाया असं काय बोलायला जानार नाय दिवेवाल्याच्या घरी. आमच्या घरातलं तर कोनी नाय. कोन व्हत्या, सांगा!"

सासूबाई मागे बघत होत्या, खुर्च्यांकडे. नाव एकीचंही घेतलं नाही.

मांडवात एक खुर्ची करकरली. सगळ्यात मागच्या रांगेतली हिराबाय, काळूरामची सख्खी आई, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठत होती. कुणीतरी धरायला गेलं, तिने हात झटकला. पूर्ण उभी राहिली आणि पदर सारखा केला. मग तिच्या शेजारची उठली. मग कोपऱ्यातली, जिला दिसतही नाही, तिने शेजारणीला विचारलं, "उटल्या काय गो?" आणि तीही उठली. एकेक करत मागची सगळी रांग उभी. काळूराम आईकडे बघत राहिला, माईक हातात, तोंड उघडं.

तेवढ्यात वरची बत्ती लागली. आपोआप, घड्याळावर लागते तशी. पडदा नाही, काही नाही. उजेड टेकाडावरून घसरला, लाल अक्षरांवरून गेला, मांडवाच्या कडेने त्या बायकांच्या तोंडांवरून फिरला आणि पाण्याकडे गेला. पुन्हा आला. बायका उभ्याच होत्या.

काशिरामने दगडाच्या कापडाची दोरी उचलली आणि गाठ मारली. वर अजून एक मारली. कोळ्याची गाठ, कुणाला सुटायची नाही.

"दगड परत जाईल," तो म्हणाला.

"अरे, पन नारळ, पाहुने..." काळूराम पुटपुटला.

"नारळ खा. ओळ मी लिवली, मीच काडीन."

मग तो सुमतीबाईंसमोर जाऊन उभा राहिला. मांडवाच्या बांबूला टेकून त्या एकट्या उभ्या होत्या. जवळ कुणी जात नव्हतं; आधी रागाने गेलं नसतं, आता लाजेने.

"सुमे," तो म्हणाला, "लागला व्हता काय गो एखादा?"

सुमतीबाईंनी डाव्या भुवईवरची केसांची बट सारली. तिथे एक जुनी पांढरी रेघ होती. इतक्या वर्षांत ती मला कधी दिसली नव्हती. मी साड्याच बघत होते.

"एक," त्या म्हणाल्या. "जा आता. आईला धर, पडतील त्या."

पण सासूबाईंना धरायची गरज नव्हती. त्या माझ्याकडे हात पुढे करून उभ्या होत्या. मला समजलं. पर्समधून बॅटरी काढून दिली. त्यांनी वर बत्तीकडे तोंड केलं, जिथे आता माणूस नाही, पडदा काढणारा नाही, नुसतं यंत्र आहे, आणि बॅटरी वर-खाली केली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

मागे वळून म्हणाल्या, "बसा गो आता."

खुर्च्या करकरल्या. सासूबाईही बसल्या, मांडवाच्या कडेला, मातीतच. मी शेजारी टेकले.

"शोभे, काय हाय गो खायला?"

मी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्यांनी भाकरी मोडली, अर्धीवर चटणी ठेवली, पण स्वतः खाल्ली नाही. हात लांब करून सुमतीबाईंपुढे धरला.

सुमतीबाई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. बत्ती दोनदा येऊन गेली. सासूबाईंनी हात मागे घेतला नाही.